जन्म भारतात झाला, म्हणून नागरिक? तीन तारखांनी बदललेला कायदा

नवी दिल्ली : एका घरातील तीन भावंडांचे उदाहरण घेऊ. तिघेही भारतातच जन्मले. आई भारतीय नागरिक, वडील मात्र कित्येक वर्षांपूर्वी कोणत्याही वैध कागदपत्रांविना सीमा ओलांडून आलेले. थोरल्याचा जन्म १९८६ चा, मधलीचा १९९५ चा आणि धाकट्याचा २००५ चा. तिघांची भाषा एक, शाळा एक, शिधापत्रिकाही एक. तरीही कायद्याच्या दृष्टीने तिघांचे स्थान सारखे नाही. थोरला भारतात जन्मला एवढ्याच कारणाने नागरिक आहे. मधली नागरिक आहे ती आई भारतीय असल्यामुळे. धाकटा मात्र आई भारतीय असूनही जन्माने नागरिक ठरत नाही, कारण त्याच्या जन्माच्या वेळी वडील कायद्याच्या भाषेत ‘बेकायदा स्थलांतरित’ होते.

हा फरक नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ३ मुळे पडतो. ‘जन्माने नागरिकत्व’ असे या कलमाचे नाव मूळ कायद्यापासून आजतागायत कायम आहे. त्याचा आशय मात्र दोनदा बदलला. प्रारंभी जन्मस्थान पुरेसे होते. पुढे आईवडिलांपैकी एकाच्या नागरिकत्वाची अट आली आणि त्यानंतर दोघांच्याही दर्जाची. त्यामुळे एखादी व्यक्ती जन्माने भारतीय आहे का, या प्रश्नाचे उत्तर ती कोठे जन्मली यापेक्षा ती केव्हा आणि कोणाच्या पोटी जन्मली यावर अधिक अवलंबून आहे.

जन्मभूमी आणि वंश

नागरिकत्व ठरवण्याची दोन तत्त्वे जगभरातील कायद्यांत आढळतात. एक जन्मभूमीचे : ज्या देशाच्या भूमीवर मूल जन्मले, त्या देशाचे ते नागरिक. दुसरे वंशाचे : आईवडील ज्या देशाचे, मूलही त्याच देशाचे. बहुतेक देशांच्या कायद्यांत या दोन्ही तत्त्वांचे कमीअधिक प्रमाणात मिश्रण असते. भारताने स्वातंत्र्यानंतर पहिल्या तत्त्वाला अग्रस्थान दिले आणि गेल्या चार दशकांत पावलापावलाने दुसऱ्याकडे वाटचाल केली.

संविधानाच्या दुसऱ्या भागातील अनुच्छेद ५ ते ११ नागरिकत्वाविषयी आहेत. संविधान अमलात आले त्या क्षणी, म्हणजे २६ जानेवारी १९५० रोजी, नागरिक कोण, एवढाच प्रश्न त्यांतून मुख्यतः सोडवला गेला. अनुच्छेद ५ नुसार भारतात अधिवास असलेली व्यक्ती स्वतः भारताच्या भूमीवर जन्मलेली असेल, किंवा तिच्या आईवडिलांपैकी एक येथे जन्मलेला असेल, किंवा ती लगतची किमान पाच वर्षे येथे राहत असेल, तर ती नागरिक ठरली. फाळणीमुळे पाकिस्तानातून आलेल्यांसाठी अनुच्छेद ६, तर तिकडे गेलेल्यांसाठी अनुच्छेद ७ ची योजना झाली. त्यानंतरच्या काळासाठी नियम करण्याचा अधिकार अनुच्छेद ११ ने संसदेकडे सोपवला. कलम ३ दोन वेळा बदलणे संसदेला शक्य झाले ते या अधिकारामुळेच.

संविधान सभेतील वाद

जन्मस्थान पुरेसे मानावे की नाही, हा वाद संविधान सभेतही झाला होता. एप्रिल १९४७ मध्ये मूलभूत हक्कांच्या चर्चेत सरदार वल्लभभाई पटेल यांनी नागरिकत्वाच्या व्यापक कल्पनेची बाजू घेतली. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या भारतीयांसाठी तेथील नागरिकत्वाचा हक्क मागायचा आणि स्वतःच्या देशात मात्र संकुचित व्याख्या करायची, हे सुसंगत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

ऑगस्ट १९४९ मध्ये मसुद्यावर चर्चा झाली तेव्हा विदर्भातील सदस्य डॉ. पंजाबराव देशमुख यांनी नेमकी उलट भूमिका मांडली. प्रवासात काही तास मुंबईत थांबलेल्या परदेशी दांपत्याला तेथे मूल झाले, तर तेवढ्याने ते मूल भारतीय ठरेल; अशाने भारताचे नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल, असा आक्षेप त्यांनी घेतला. त्यांनी सुचवलेल्या पर्यायात हिंदू व शीख धर्मीयांना ते कोठेही राहत असले तरी नागरिकत्वाचा हक्क देण्याची कल्पना होती. सभेने ती स्वीकारली नाही. मसुदा समितीला सर्वाधिक डोकेदुखी देणाऱ्या अनुच्छेदांपैकी हा एक होता, अशी कबुली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सभागृहात दिली होती. आजचे वादही बव्हंशी याच दोन टोकांमध्ये घुटमळतात.

तीन कालखंड, तीन नियम

मूळ कायदा ३० डिसेंबर १९५५ रोजी अमलात आला. भारतात जन्मलेल्या व्यक्तीसाठी आज लागू असलेले नियम जन्मतारखेनुसार असे आहेत :

• २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ : या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने नागरिक. आईवडिलांचे नागरिकत्व कोणते, ते कसे आले, याला महत्त्व नाही.

• १ जुलै १९८७ ते २ डिसेंबर २००४ : जन्म भारतात झालेला असावा आणि जन्माच्या वेळी आई किंवा वडील यांपैकी किमान एक भारतीय नागरिक असावा.

• ३ डिसेंबर २००४ पासून पुढे : जन्म भारतात झालेला असावा आणि जन्माच्या वेळी आईवडील दोघेही भारतीय नागरिक असावेत, अथवा एक भारतीय नागरिक असून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा.

तिन्ही काळांना दोन अपवाद लागू आहेत. परदेशाच्या राजनैतिक प्रतिनिधीचे मूल, त्या पालकाला कायदेशीर कारवाईपासून संरक्षण असेल आणि तो भारतीय नागरिक नसेल, तर जन्माने भारतीय होत नाही. तसेच शत्रूच्या ताब्यातील भूभागात शत्रुराष्ट्राच्या नागरिकाच्या पोटी जन्मलेल्या मुलालाही हा हक्क नाही.

पहिला बदल १९८६ च्या दुरुस्तीने झाला. त्यामागे १९८५ चा आसाम करार, बांगलादेशातून होणारे स्थलांतर आणि १९८३ नंतर श्रीलंकेतून तामिळनाडूत येणारे तमीळ निर्वासित अशी पार्श्वभूमी होती. दुसरा बदल २००३ च्या दुरुस्ती विधेयकाने झाला. जानेवारी २००४ मध्ये त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि ३ डिसेंबर २००४ पासून तो लागू झाला.

दोन्ही दुरुस्त्या पूर्वलक्षी नाहीत, ही बाब अनेकदा नजरेआड होते. मूल ज्या दिवशी जन्मले त्या दिवशीचा नियम त्याला आयुष्यभर लागू राहतो. कायदा नंतर कडक झाला म्हणून आधी जन्मलेल्याचे नागरिकत्व जात नाही. त्याचप्रमाणे आईवडिलांचा दर्जाही जन्माच्या वेळचाच पाहिला जातो. मूल झाल्यानंतर आई किंवा वडील भारतीय नागरिक झाले, तर त्या मुलासाठी कलम ५ खालील नोंदणीसारखा वेगळा मार्ग शोधावा लागतो.

न्यायालयांनी काय सांगितले

पहिल्या कालखंडाचा नियम किती व्यापक आहे, हे न्यायालयांच्या निकालांतून स्पष्ट झाले. तिबेटी निर्वासित कुटुंबात १९८६ मध्ये हिमाचल प्रदेशात जन्मलेल्या एका तरुणीला पारपत्र नाकारण्यात आले, तेव्हा ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली. तिने पूर्वी तिबेटी म्हणून ओळखपत्र घेतले होते, असा युक्तिवाद सरकारी बाजूने झाला. डिसेंबर २०१० च्या निकालात न्यायालयाने तो अमान्य केला. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती कायद्यानेच नागरिक असते. दुसऱ्या नावाचे ओळखपत्र घेतल्याने तो हक्क गमावला जात नाही, असा या निकालाचा आशय होता. पुढे २०१४ मध्ये निवडणूक आयोगानेही १९५० ते १९८७ या काळात भारतात जन्मलेल्या तिबेटींची नावे मतदार यादीत घेण्याचे निर्देश दिले.

श्रीलंकेतील निर्वासितांच्या बाबतीतही हेच घडले. तामिळनाडूतील निर्वासित छावणीत १९८६ मध्ये जन्मलेल्या एका महिलेला पारपत्र देण्याचा आदेश मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने २०२२ मध्ये दिला. तिचे आईवडील निर्वासित होते, ती स्वतः छावणीत वाढली. तरीही जन्माची तारीख व ठिकाण या दोनच गोष्टी निर्णायक ठरल्या. याच छावण्यांत १ जुलै १९८७ नंतर श्रीलंकेच्या नागरिकांपोटी जन्मलेल्या मुलांना मात्र हा आधार उरत नाही.

‘बेकायदा स्थलांतरित’ कोणाला म्हणायचे

२००४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत सर्वाधिक भार पडतो तो या एका शब्दयोजनेवर. कायद्यातील व्याख्येनुसार वैध पारपत्र किंवा प्रवासाच्या कागदपत्रांविना भारतात प्रवेश केलेली, अथवा वैध कागदपत्रांवर येऊन मुदत संपल्यानंतरही राहिलेली परदेशी व्यक्ती बेकायदा स्थलांतरित ठरते. म्हणजे भारतीय पत्नी आणि वैध व्हिसावर राहणारा परदेशी पती यांचे भारतात जन्मलेले मूल भारतीय नागरिक असते. पण मुलाच्या जन्माच्या वेळी पतीच्या व्हिसाची मुदत टळून गेलेली असेल, तर तेच मूल कलम ३ च्या कक्षेबाहेर जाते. येथे आईचे नागरिकत्व मुलाला वाचवत नाही.

नागरिकत्व (सुधारणा) अधिनियम, २०१९ ने या व्याख्येला अपवाद जोडला. अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती, ठरवून दिलेल्या अटी पूर्ण करत असल्यास, बेकायदा स्थलांतरित मानले जात नाहीत. त्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी अधिसूचित झाले. मुलाचा दर्जा पालकाच्या दर्जाशी जोडलेला असल्याने या अपवादाचे परिणाम पुढच्या पिढीपर्यंत पोहोचतात. धर्माच्या आधारे केलेले हे वर्गीकरण समानतेच्या हक्काशी विसंगत आहे, असा आक्षेप घेणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल झाल्या. शेजारी देशांत छळ सोसलेल्या अल्पसंख्याकांना आश्रय देण्यासाठी हे वर्गीकरण योग्य आहे, अशी केंद्र सरकारची भूमिका आहे.

भारतातच जन्मलेल्या मुलाला बेकायदा स्थलांतरित म्हणता येते का, हा प्रश्नही न्यायालयापुढे आला. २००६ मध्ये भारतात जन्मलेल्या, पण आईवडील दोघेही अमेरिकी नागरिक असलेल्या मुलीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये नकारार्थी उत्तर दिले. जिने बाहेरून प्रवेशच केलेला नाही, तिला ‘प्रवेश करणारी’ कसे म्हणायचे, हा त्यामागील विचार होता. ज्या बालकाचे आईवडीलच अज्ञात आहेत, त्याच्याबद्दल मात्र कलम ३ मध्ये स्वतंत्र तरतूद नाही.

आसामची वेगळी तारीख

देशभरासाठी असलेल्या या नियमांखेरीज आसामसाठी कलम ६ए ही विशेष तरतूद आहे. आसाम करारानंतर ती कायद्यात आली. तत्कालीन पूर्व पाकिस्तानातून १ जानेवारी १९६६ पूर्वी आसामात येऊन स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना नागरिक मानले गेले. त्या दिवसापासून २४ मार्च १९७१ पर्यंत आलेल्यांना परकीय म्हणून निश्चिती झाल्यावर नोंदणी करावी लागे आणि दहा वर्षे मतदानाचा हक्क वगळता नागरिकाचे इतर हक्क मिळत. २५ मार्च १९७१ पासून आलेल्यांना या कलमाचा लाभ नाही.

हे कलम घटनाबाह्य आहे, असा दावा करणाऱ्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने १७ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल दिला आणि चार विरुद्ध एक अशा बहुमताने कलम वैध ठरवले. त्याआधी ३१ ऑगस्ट २०१९ रोजी आसामची राष्ट्रीय नागरिक नोंदवही प्रसिद्ध झाली होती. अर्ज केलेल्या सुमारे ३ कोटी ३० लाख लोकांपैकी १९ लाख ६ हजार ६५७ जणांची नावे तीत नव्हती. एकाच कुटुंबातील काहींची नावे यादीत आणि काहींची बाहेर, असे प्रकार तेव्हा मोठ्या संख्येने समोर आले. पूर्वजांचे १९७१ पूर्वीचे कागद आणि त्यांच्याशी आपले नाते, हे दोन्ही सिद्ध करण्याची अट त्यामागे होती.

गोव्याचे प्रकरण

१९५० मध्ये पणजी किंवा मडगावात जन्मलेले मूल ‘भारतात’ जन्मलेले नव्हते, कारण तेव्हा तेथे पोर्तुगीज राजवट होती. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर हा प्रश्न कलम ७ ने सोडवला. नवा भूप्रदेश देशात सामील झाल्यास तेथील कोण नागरिक होतील, हे ठरवण्याचा अधिकार या कलमाने केंद्र सरकारला दिला आहे. त्यानुसार १९६२ मध्ये गोवा, दमण व दीव यांच्यासाठी स्वतंत्र आदेश निघाला. ज्या व्यक्तीचा स्वतःचा, तिच्या आईवडिलांपैकी एकाचा किंवा आजीआजोबांपैकी कोणाचाही जन्म २० डिसेंबर १९६१ पूर्वी त्या प्रदेशात झाला असेल, ती व्यक्ती त्या दिवसापासून भारतीय नागरिक मानली गेली. पूर्वीचे राष्ट्रीयत्व कायम ठेवू इच्छिणाऱ्यांना आदेश प्रसिद्ध झाल्यापासून एका महिन्यात तसे लेखी कळवण्याची मुभा होती. पुदुच्चेरी, दादरा व नगर हवेली आणि सिक्कीम यांच्यासाठीही असेच आदेश काढले गेले.

गोव्यात हा विषय आजही संपलेला नाही. मुक्तीपूर्वी तेथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालचा कायदा राष्ट्रीयत्वाचा मार्ग खुला ठेवतो. त्यासाठी लिस्बन येथील मध्यवर्ती निबंधक कार्यालयात जन्माची नोंद करण्यात येते. युरोपात काम करण्याच्या ओढीने अनेक कुटुंबांनी हा मार्ग धरला. परंतु भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. संविधानाचा अनुच्छेद ९ आणि नागरिकत्व कायद्याचे कलम ९ यांनुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतल्यास भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. केवळ जन्मनोंद म्हणजे नागरिकत्वाचा स्वीकार का, यावर गोव्यात निवडणुकीतील उमेदवारीपासून पारपत्रापर्यंत वाद झाले आहेत. अशा प्रकरणात नागरिकत्व गेले की नाही, हे ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे.

सिद्ध कसे करायचे

कायद्यातील नियम स्पष्ट असला, तरी सामान्य माणसाची अडचण पुढच्या पायरीवर सुरू होते. ‘हा माणूस जन्माने भारतीय आहे’ असे एका कागदावर लिहून देणारा सर्वसाधारण दाखला भारतात दिला जात नाही. जन्माचा दाखला तारीख आणि ठिकाण सिद्ध करतो. आईवडिलांचे नागरिकत्व नव्हे. आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे आधार कायद्यातच नमूद आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही एका जामीन अर्जावर निर्णय देताना आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र यांवरून आपोआप नागरिकत्व सिद्ध होत नाही, असे स्पष्ट केले.

एखाद्याच्या नागरिकत्वावर शंका घेतली गेली, तर आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच व्यक्तीवर येते. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यात ही तरतूद होती आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या नव्या कायद्यातही ती कायम आहे. मात्र काहीही आधार नसताना कोणालाही परकीय ठरवून पुरावा मागता येणार नाही, संशयाला प्राथमिक स्वरूपाची का होईना पण ठोस सामग्री हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये आसामच्या एका प्रकरणात बजावले. वेगवेगळ्या कागदांवर नावाच्या लेखनात किरकोळ फरक आहे, एवढ्यावरून पुरावा फेटाळणेही न्यायालयाला मान्य झाले नाही.

तीन कालखंडांचा हिशेब सर्वसामान्यांपर्यंत प्रथमच मोठ्या प्रमाणात पोहोचला तो बिहारमध्ये. निवडणूक आयोगाने जून २०२५ मध्ये तेथे मतदार याद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण हाती घेतले. २००३ च्या यादीत नाव नसलेल्यांपैकी १ जुलै १९८७ पूर्वी जन्मलेल्यांकडून स्वतःच्या जन्माचा, त्यानंतर २ डिसेंबर २००४ पर्यंत जन्मलेल्यांकडून स्वतःबरोबर आई किंवा वडिलांचा आणि त्यानंतर जन्मलेल्यांकडून दोघांचाही कागद मागण्यात आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर ओळख पटवण्यासाठी आधार ग्राह्य धरावे, असे निर्देश सप्टेंबर २०२५ मध्ये देण्यात आले; ते नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, हेही त्याच वेळी स्पष्ट करण्यात आले.

जुन्या नोंदींची स्थिती लक्षात घेतली की या मागणीचे वजन कळते. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ चा आहे. त्यानंतरही घरी होणाऱ्या बाळंतपणांची नोंद राहून जाणे सर्रास होते. महाराष्ट्रातील खेड्यांत शाळेत नाव घालताना जन्मतारीख सांगता आली नाही, तर गुरुजी १ जून ही तारीख लिहून टाकत. त्यामुळे एका पिढीतील असंख्य लोकांचा वाढदिवस कागदोपत्री एकाच दिवशी येतो. एरवी ही थट्टेची बाब असते. पण १९८७ च्या पावसाळ्यात जन्मलेल्या एखाद्याच्या दाखल्यावर १ जून १९८७ लिहिलेले असेल आणि रुग्णालयाच्या नोंदीत ऑगस्ट असेल, तर या दोन तारखांच्या मधोमध कायद्याची १ जुलैची रेषा येते. त्याला लागू होणारा नियमच बदलतो.

जुन्या जन्मनोंदी शोधणाऱ्यांना महाराष्ट्रात गाव नमुना क्रमांक १४, म्हणजे कोतवाल बुक, आणि शाळेचा प्रवेश निर्गम उतारा हे दोन आधार बहुधा उपयोगी पडतात. सासरी गेलेल्या स्त्रीचे बदललेले नाव, कामासाठी गाव सोडलेल्या मजुराची विखुरलेली कागदपत्रे आणि पुरात वाहून गेलेली दप्तरे, या अडचणी मात्र राहतातच. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने त्या दिवसापासून जन्मणाऱ्यांसाठी शाळा प्रवेश, मतदार नोंदणी, वाहन परवाना अशा कामांत जन्म दाखल्याला मध्यवर्ती स्थान दिले आहे. आजच्या आईवडिलांनी तो वेळेत आणि बिनचूक घेणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

परदेशात जन्मलेली मुले

भारतीय आईवडिलांपोटी परदेशात जन्मलेल्या मुलाला कलम ४ नुसार वंशाने नागरिकत्व मिळते. १० डिसेंबर १९९२ पूर्वी यासाठी वडीलच भारतीय असावे लागत. त्या तारखेपासून आईचे नागरिकत्वही समान धरले गेले. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मानंतर एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंदणी आवश्यक आहे. त्यानंतर केंद्र सरकारची परवानगी लागते. मुलाकडे दुसऱ्या देशाचे पारपत्र नाही, असेही पालकांना जाहीर करावे लागते.

पुणे, मुंबई, नागपूर येथून अमेरिकेत नोकरीसाठी गेलेल्या कुटुंबांचा संबंध येथे येतो. अमेरिकेच्या संविधानातील १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने तेथे जन्मणाऱ्यांना नागरिकत्वाची हमी दिली. चिनी आईवडिलांपोटी सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वाँग किम आर्क यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये ती हमी उचलून धरली. २० जानेवारी २०२५ रोजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी काढलेल्या आदेशाने मात्र आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा कायम रहिवासी नसतील, अशा मुलांना वगळण्याचा प्रयत्न केला. एच-१बी व्हिसावरील कुटुंबे थेट या व्याख्येत येतात. कनिष्ठ न्यायालयांनी आदेशाची अंमलबजावणी रोखली आणि वाद तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला.

मुलाने अमेरिकी पारपत्र घेतले, तर भारतात त्याला परदेशस्थ भारतीय नागरिक, म्हणजे ओसीआय, म्हणून नोंदणी करता येते. नावात ‘नागरिक’ असले, तरी या कार्डाने मतदानाचा हक्क, घटनात्मक पद किंवा शेतजमीन खरेदीचा अधिकार मिळत नाही.

भारत एकटा नाही

जन्मभूमीच्या तत्त्वापासून दूर जाणारा भारत हा एकमेव देश नव्हे. ब्रिटनने १ जानेवारी १९८३ पासून आणि ऑस्ट्रेलियाने २० ऑगस्ट १९८६ पासून जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाला पालकांच्या दर्जाची अट घातली. आयर्लंडने २००४ मध्ये सार्वमत घेऊन तसाच बदल केला. कॅनडात आजही भूमीवरील जन्म सामान्यतः पुरेसा मानला जातो. स्थलांतर वाढले की नियम आवळले जातात, हे या साऱ्या देशांत दिसते. भारताचे वेगळेपण नोंदींच्या अवस्थेत आहे. जेथे जन्मनोंद सार्वत्रिक आहे, तेथे पालकांचा दर्जा सिद्ध करणे हे कारकुनी काम असते. जेथे ती अपुरी आहे, तेथे तेच काम पिढ्यांचा शोध होऊन बसते.

साखळीचा शेवट

जन्माने मिळणारे नागरिकत्व भारतीय कायद्यात सर्वांत भक्कम मानले जाते. फसवणूक किंवा देशाशी अप्रामाणिकपणा अशा कारणांसाठी नागरिकत्व काढून घेण्याचा जो अधिकार कलम १० ने सरकारला दिला आहे, तो नोंदणीने किंवा दीर्घ वास्तव्यामुळे नागरिक झालेल्यांपुरता आहे. जन्माने नागरिक असलेला स्वतः त्याग करील किंवा दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेईल, तेव्हाच त्याचा हक्क संपतो. एकदा सिद्ध झाले की ते सहसा हलत नाही. सारा प्रश्न ते सिद्ध करण्याचा आहे.

२००४ नंतर जन्मलेली पहिली पिढी आता मतदार झाली आहे आणि लवकरच तिची मुले शाळेत जातील. त्या मुलांच्या नागरिकत्वासाठी त्यांचे आईवडील नागरिक हवेत. आईवडिलांच्या नागरिकत्वासाठी आजीआजोबा. ही साखळी मागे मागे जात बहुतेक घरांत अशा एखाद्या व्यक्तीपाशी थांबते, जी १ जुलै १९८७ पूर्वी या भूमीवर जन्मली आणि तेवढ्यामुळेच भारतीय ठरली. म्हणजे कायदा वंशाकडे झुकला असला, तरी त्याचा पाया अजून जन्मभूमीच आहे. त्या पायाशी असलेल्या आजीच्या जन्माची नोंद कोठल्या वहीत, कोठल्या गावात आहे, हे शोधण्याची वेळ नातवंडांवर येण्यापूर्वी ती नोंद जपून ठेवणे प्रत्येक घराच्या हिताचे आहे.